कुंपणावरचा गावठी गुलाब

सत्यशीला: “गुलाबाचे लाड नको करू व सत्यशीला, लाडानं झाड आळशी होते!” असा ओरडे तुहा बाप, विहिरीवरून. मी नवी नवरी. रोज तांब्याभर पाणी घालाले धावू. अजून कानात आहे तो आवाज.

संघप्रिया: आई, बाबाचं नंतर. तू आधी बस. सकाळपासून घरातून अंगणात, अंगणातून घरात. काऊन फिरून राह्यली अशी?

सत्यशीला: तूच बस. नागपूरवरून आली तशी कुंपणाले चिकटली. चहा थंडा झाला.

संघप्रिया: तुह्या पोराले, विक्कीले, आजच फोन कराचा आहे. आई एकटी राहू शकते का, पाहून सांग म्हणला. नाई जमत असन तं दिवाळीत पुण्याले घेऊन जाईन तुले. घराले कुलूप.

सत्यशीला: मले काय धाड भरली? सैपाक करतो, विहारात जातो. पुण्याले चौथ्या माळ्यावर काय करू, कबुतरं हाकलू?

संघप्रिया: मंग या झुडपाचं काय? शेजारचे मुखरूभाऊ सांगत होते, फारेस्टवाले दोनदा येऊन गेले. कुंपण साफ करा, बिबट दडते म्हणे.

सत्यशीला: मुखरूले दुसरा धंदाच नाई. गावठी गुलाब आहे तो. पाऊस सरला का छाटाचा, बुडाशी शेणखत घालाचं, मंग वर्षभर विचारू नका. ना दवा, ना फवारा. छाटला मी परवाच.

संघप्रिया: तू छाटला?

सत्यशीला: हाव. कमरेइतका ठेवला. सुकल्या काड्या काढल्या, मधून वाऱ्याले जागा केली. थंडीत पाह्य, पौर्णिमेले विहारात आपलीच फुलं राह्यतीन.

संघप्रिया: इकडे ये. ही फांदी धर.

सत्यशीला: काटे आहेत व!

संघप्रिया: काटे घाणेरीलेही राह्यतात, आई.

(सत्यशीला हात मागे घेते.)

संघप्रिया: रानातून घुसली ही, गुलाबाच्या पोटात. तू गुलाब छाटला, पार बुडापासून. अन् घाणेरी ठेवली. कमरेइतकी, नीट, मधून वाऱ्याले जागा करून. खतही हिलेच घातलं. आता हिची फुलं नेजो विहारात.

सत्यशीला: अंधार पडला होता.

संघप्रिया: मुखरूभाऊनं पाह्यलं. भर दुपार होती.

सत्यशीला: मेला का गुलाब?

संघप्रिया: नाई. मुळं जित्ती आहेत, फुटन तो. त्याचं नको सांगू मले. विक्कीले काय सांगू, ते सांग.

सत्यशीला: सांग, आई म्हातारी झाली, घाई करते.

संघप्रिया: घाई? पानाची कडा पाहून तू गुलाब ओळखे. शेजारच्या बाया तुलेच बोलवत छाटाले.

सत्यशीला: कातर दे इकडे. घाणेरी मीच काढतो आता.

संघप्रिया: नाई देत. बोल.

सत्यशीला: छाटून झालं, तोंडावरून हात फिरवला अन् वास आला घाणेरीचा. तवा समजलं मले. मंग बुडाशी बसून चाचपत राह्यली, गुलाबाची एखादी काडी उरली का म्हणून.

संघप्रिया: चाचपत?

सत्यशीला: विक्कीले फोन लावू नको लगेच. थांब जराशी.

संघप्रिया: आई, माह्याकडे पाह्य.

सत्यशीला: तिकडेच पाहून राह्यली व संघू. दिसत नाई. उजेड तेवढा कळते.