दीड व्होल्ट

...आणि वर मलाच म्हणतात, "किती दचकतेस गं!" अहो, दचकणार नाही तर काय! तुम्हाला सांगते, माझं काम कार्बनच्या नळ्यांचं. एका केसाचे दहा-वीस हजार उभे काप करा, त्यातला एक म्हणजे माझी नळी! माझा जोडीदार... कामातला हो, कामातला!... त्यात हिरवा रंग भरणार, मी वीज देणार, की रंग बाहेर. पुढे रंगाच्या जागी औषध. आणि वीज किती? दीड व्होल्ट! भिंतीवरच्या घड्याळाला लागते ना, तेवढीच.

दोन वर्षं नुसत्या नळ्या भरण्यात गेली. रोज ठरवायचं, आज याला सांगून टाकायचं, आणि रोज तोंडातून काय निघायचं? "पंखा बंद करू का?" शेवटी लॅबचे सर म्हणाले, "शुक्रवारी रंग निघाला तर दोघांच्या नोकरीची मुदत वाढवतो. नाहीतर त्याला बाहेरगावची नोकरी चालून आलीय, जाऊ दे बिचाऱ्याला." बिचारं कोण, ते मला विचारा की!

शुक्रवार. नळ्या पाण्यात, तारांचा लाल चिमटा, काळा चिमटा, बटणावर बोट... आणि हा मागून, अगदी कानाशी, "झालं का गं?" उडालेच मी! दोन्ही चिमटे हातात! घाईघाईत परत लावले, बटण दाबलं. पाच मिनिटं... वीस मिनिटं... पाणी आपलं नितळ! तो हसला, "जाऊ दे, नळ्या रिकाम्याच असतील." मी म्हटलं, "हो... असतील." अहो, दीड व्होल्टभर तरी बोलायचं!

तो गेला. सोमवारी आवरायला घेतलं तर काय... लाल चिमटा काळ्याच्या जागी! म्हणजे वीज रंगाला बाहेर ढकलत नव्हती, आतच दाबून धरत होती! चिमटे बदलले. दीड व्होल्ट. हिरवंगार पाणी! मी हुंदके देतेय, आणि सर धावत आले, "आनंदाश्रू! वा!" हो सर, आनंदाश्रू.

त्याला फोन लावला. "अगं, कमाल! पण मी आज सकाळीच सही केली गं इथे... अजून काही सांगायचं होतं का?" बोल ना बये, बोल! तेवढ्यात लॅबमधलं एक मशीन किंचाळलं... छे हो, मशीन गप्पच होतं. मीच म्हटलं, "नाही... चिमटे उलटे लागले होते, एवढंच."

मुदत वाढली. माझी एकटीची. आता चिमटे दर वेळी बरोबर लागतात हो... मागून "झालं का गं?" विचारायला कुणी नाही ना!