पिंपळपानांची बादली

आमच्या बौद्ध लग्नांच्या पत्रिकेवर पिंपळपान छापलेलं असतंच, पण ताईच्या पत्रिकेला मी म्हटलं, खरं पान लावू. म्हणून डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत बादलीभर पानं पाण्यात कुजत घातलेली. हिरवं गळून गेलं की नुसती नाजूक जाळी उरते, ती चिकटवायची.

आठवड्यात अख्खा मजला नाक धरून चालायला लागला. शेजारचे काका दारात आले.

"केमिकल कंपनीनं परत गॅस सोडलाय. उद्या गेटवर जायचं."

"काका, तो वास बहुतेक..."

"बहुतेक काय? या वासात जन्म गेला माझा."

मला धड बसवेना. बेल वाजली की आधी बादलीवर झाकण, मग दार. दुसऱ्या दिवशी सगळे गेटवर गेले, सगळ्यात पुढे आमची आई. तेवढ्यात मी पानं धुऊन घेतली, पाणी ओतून दिलं. संध्याकाळी वास गायब.

"बघितलंस?" काका म्हणाले. "एकजूट दाखवली की कंपनी वठणीवर येते."

पुढच्या रविवारी पत्रिका द्यायला गेलो. काकांनी पान निरखायला ती तोंडाजवळ धरली आणि थांबले. मी दाराकडे सरकलो.

"झकास झालीय रे," ते म्हणाले, "पण बघ, कंपनीनं हिलापण सोडलं नाही."