दादाच्या चाकाचं कुलूप

चहा घ्या, पण माझ्यासमोर दादाच्या त्या जुन्या गाडीचं नाव काढू नका. अजून डोकं फिरतं माझं.

चाकं चोरीला जातात म्हणून दादानं मुंबईहून कुलपाचे नट आणले होते. प्रत्येक चाकाला एक. ते उघडायची किल्ली एकच, आणि ती कायम दादाच्या करगोट्याला बांधलेली.

त्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. खालापूरला शिबिर होतं, बारापर्यंतच. पळसदरीच्या पुढं गाडीचं चाक पंक्चर होऊन बसलं. बाकीचे नट सुटले, कुलपाचा हलेना. किल्ली दादाच्या कमरेला आणि दादा भिवपुरीला ड्युटीवर! आईला गाडीत बसवून मी ट्रकला हात केला, खोपोलीहून मिस्त्री घेऊन आलो. यात दोन तास गेले.

मिस्त्रीनं एक जुना, जरा लहान पाना त्या नटावर हातोड्यानं ठोकून बसवला, आणि फिरवला. नट बाहेर!

"याला कुलूप म्हनता?" तो हसला. "चोराला दोन मिंटं बी लागायची नायत."

शिबिर कधीच उठलं होतं. आई तशीच चाचपडत घरात आली. संध्याकाळी दादा उंबऱ्यात दिसला आणि मी तिथंच ओरडलो, "चोर दोन मिनिटांत उघडतो तुझं कुलूप! मग लावलंस कुणासाठी?"

दादानं शांतपणे चपला काढल्या.

"तुज्यासाठी. मागं याच गाडीचं चाक काढून दोस्ताच्या वरातीच्या गाडीला दिलंस, ते आजून आलं नाय."