रेणूकडचा वारा

पवनीच्या बसस्टँडवर गोदावरीबाईंच्या शेजारी बसलेली बाई फोनवर लेकीशी बोलत होती. लेक-जावई शिडाच्या बोटीतून दुनिया फिरत होते. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळं दोघींचंही बोलणं ऐकू येत होतं.

"रेणू, निघाले का तुमी तिथून?"

"नाही ना आई. आठ दिवस झाले, वारा थांबूनच नाही राहिला. बेटाच्या आडोशाले बसलो आहो."

"मंग किनाऱ्यावर खोली घ्या ना."

"बोट कशी सोडू? नांगर सरकला तं खडकावर आदळन. एक झोपते, दुसरा पाहते."

"भेव नाही लागत तुले?"

"लागते. पण काल बेटापल्याड लाट फुटली, आपल्या देवळाच्या कळसाहून उंच. मी भेव विसरून पाहतच राहिली."

"सोड ते सारं. घरी ये."

"थांब, फोन बाहेर धरते. ऐक."

फोनमधून वारा असा घोंगावत आला, की बाकावरचे सगळे बोलायचे थांबले. त्या बाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"केवढा हो हा!" गोदावरीबाई न राहवून बोलल्या.

"माही पोरगी त्याच्यात आहे, बाई."

मग तिनं फोन तोंडाशी नेला.

"रेणू, पुरा थांबल्याबिगर निघू नोको, माय."