नवव्या रिळातला शिपाई

हॅलो?… हॅलो! भुसावळ?… मीनावहिनी, मी लोटन! नंदुरबारहून… गिरधरशेठच्या कापसाच्या जिनातून बोलतोय… नाही, नाही, तंबू जागेवर आहे. यंत्रही ठीक आहे. अहो, ऐका ना… रिळांचं पार्सल बदलून मिळालं का?

मिळालं?… हिंदीतलं?…

सकाळच्या गाडीत टाकलंसुद्धा? म्हणजे आज संध्याकाळच्या खेळाला…

नका लावू ते, वहिनी. पाया पडतो तुमच्या.

पोटासाठी? छे हो! दादा होते, तंबू त्यांचा होता, तेव्हा मुका सिनेमा चालायचा. मी पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगायचो. बोलपट आला, तसा दारावर तिकिटं फाडायला बसलो. सतरा वर्षं. कधी तक्रार केली?… मग?

हो… हो, तुम्हीच मला पुन्हा उभं केलंत. चुकून मद्रासकडचा खेळ आला, भाषा कुणाला कळेना, लोक पडद्याला ढेकळं मारायला निघाले. तुम्ही म्हणालात, लोटनभाऊ, आता तुम्हीच वाचवा. वाचवलं.

चुकलो की! पहिल्या दिवशी राजकन्येला राजपुत्राची बहीण करून बसलो आणि पाचव्या रिळात दोघांनी झाडाभोवती गाणं धरलं… हसा. लोकही हसले. दुसऱ्या दिवशी सुधारलं. लढाया, घोडे, ढोल… ते डोळ्यांनाच कळतं. मी नवव्या रिळाचं सांगतोय.

राजपुत्राचा दोस्त नाही का, शिपाई? बाण लागून घोड्यासकट नदीत पडतो तो… हां, तोच. मग त्याची म्हातारी दारात दिवा लावते आणि काहीतरी बोलते. काय बोलते, मला कुठे कळतंय? मी म्हटलं, वाट बघतेय. मी म्हटलं, ‘तो मरना नही, माय! पानीनी त्याले काठले लाई सोडं!’ शिपाई जिवंत आहे म्हटल्यावर अख्ख्या तंबूने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनीच घात केला.

जिनात कापूस निवडायला एक बाई येते. रेवाबाई. नवापूरकडच्या डोंगरातली… नाही, तुम्ही नाही ओळखत. तिचा मुलगा दलपत ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला होता. लढाई संपून तीन वर्षं झाली, ना पत्र, ना माणूस. ती रोज येते हो. नवव्या रिळापर्यंत खाली मान घालून बसते. दिवा लागला की मान वर.

नाही… सगळं सांगू द्या ना!… मुनीमजी, दोन मिनिटं… हॅलो? हां.

काल मला चेव आला, वहिनी. समोर इतकी माणसं, सगळी माझ्या तोंडाकडे बघणारी. सतरा वर्षांनी! बोलून गेलो, ‘होयीले घर येई!’ इकडे होळीला माणूस कुठेही असला तरी घरी येतो, म्हणून आपलं तोंडात आलं. एवढंच.

आज सकाळी तिने काम सोडलं. घर सारवायचं म्हणाली. दलपत होळीला येणार म्हणाली.



हां, ऐकतोय.

तुम्ही बघितलं का हिंदीतलं?… काल? सगळं?… मग मला सांगा ना. म्हातारी काय म्हणते? दिवा लावताना.

खरं सांगा.

श्राद्धाचा?…

म्हणजे मेलेल्यासाठी लावते. आणि मी पाच दिवस…

काय सांगू तिला? कोणत्या तोंडाने? आज तंबूत बसली तर पडद्यामागचा भोंगा सांगेल, नाही बसली तर बायका सांगतील. आणि कुणीच नाही सांगितलं तर होळीच्या दिवशी दारात उभी राहील. तुम्हीच सांगा, यातलं बरं कोणतं?

वहिनी, नवव्या रिळाला आवाज बंद ठेवला तर?… फक्त नवव्या… नाही. नाही, बरोबर आहे तुमचं. अजून किती खोटं बोलणार.

हो. मीच सांगायला हवं. इथेच, जिनात. तंबूच्या आधी.

सांगतो. शप्पथ, वहिनी. आणि पुन्हा पडद्याजवळ उभा राहणार नाही. तिकिटंच बरी. लावा तुमचं हिंदी… रडत नाही. कापसाची धूळ आहे इथे…

थांबा. आली ती.

दारातच उभी आहे. डोक्यावर गाठोडं आहे. मला बघून हसतेय… हो, सांगतो म्हटलं ना. तुम्ही धरून ठेवा फोन. ठेवू नका…

ये, माय. बस… काय?… मालेच धुंडत व्हती?… काय इचारनं शे, इचार ना…

कोनती गाडी?…

दलपत कोनती गाडीवर येई?…

सकायनी, माय. सकायनी गाडीवर.

हॅलो?… वहिनी?… हॅलो?