हिचा कॉम्प्युटर दिसत नाही!

...आणि वर मलाच विचारते, "तुम्ही काही हात लावला होतात का?" मी! अहो, तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून या घरात काहीही गळलं, फुटलं, बंद पडलं की पहिला संशयित मीच! पण या वेळी शपथेवर सांगतो, मी काही म्हणजे काही केलं नव्हतं. कालपर्यंत दिसत होतं!

काय दिसत होतं? हां, ते राहिलंच. त्याचं काय आहे, आमची ही अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आतल्या खोलीत, दार लावून, खिडकीला रजई टांगून. आणि मी बाहेरच्या खोलीत बसून त्यातले खोकले, दाराची बेल, "अहो, नळ बंद करा" वगैरे कापत असतो. मध्ये एक सामायिक फोल्डर. तिनं तिकडून ठेवायचं, मी इकडून उचलायचं. इतका सुरळीत संसार आमचा प्रत्यक्षातसुद्धा नाही! त्या दिवशी रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. एका आजोबांचे सकाळपासून फोनवर फोन, "खुनी कोण ते नुसतं कानात सांगा हो, माझ्या वयाला उद्याचा काय भरवसा!" आणि मी फोल्डर उघडायला जातो तर हिचा कॉम्प्युटरच गायब! म्हणजे टेबलावर आहे, हिच्यासमोर आहे, फक्त माझ्या पडद्यावर नाही. कालपर्यंत दिसत होतं हो!

ही म्हणाली, "पेनड्राइव्हवर घ्या ना आणि मोकळे व्हा." घ्या! अहो, घरात रस्ता असताना भिंतीवरून उड्या मारायच्या? तत्त्व म्हणून काही आहे की नाही?

लावला जावयाला फोन. जावई कॉम्प्युटरवाला, पण आवाज दाताच्या डॉक्टरचा. "बाबा, अजिबात घाबरू नका... दोन्ही बंद करून चालू करा." केले. "राउटर बंद करून चालू करा." केला. "शेअरिंग चालू आहे?" आहे! "फायरवॉल?" तीही बघितली बाबा, तुझ्या सासूला सोडून सगळं बंद करून चालू केलं! मग म्हणतो कसा, "बाबा... दोन्ही कॉम्प्युटर एकाच घरात आहेत ना?" असा संतापलो! म्हटलं, "अरे, लग्न केलंय मी तिच्याशी!"

"बरं, मग आईंना एखादा कागद छापायला सांगा. प्रिंटर तरी सापडतोय का बघू."

आता प्रिंटर बाहेर माझ्यापाशी, ही आत. हिनं लिहिलं, "मी इथे आहे. दिसतेय का?" आणि आतून ओरडली, "आलं?" मी म्हटलं, "नाही!" मग लिहिलं, "अजून किती वाट बघायची?" "आलं?" "नाही!" मग ही चिडली. हिचं मराठी आधीच वाचून वाचून धारदार झालेलं... लिहिलं, "आता माझा अंत पाहू नका!" आमचा प्रिंटर ढिम्म. कॉम्प्युटर मात्र छातीठोकपणे सांगतोय, छापलं, छापलं, छापलं! अहो, पण कुठे?

तेवढ्यात बेल वाजली.

दारात वरच्या मजल्यावरचे मास्तर. निवृत्त, एकटेच राहतात. जिन्यात भेटले तर "हं"च्या पुढे शब्द नाही. आणि आज बघतो तर इस्त्रीचा शर्ट, ओल्या केसांचा भांग, हातात कागद आणि कान लालबुंद! "हे... माझ्या प्रिंटरमधून... आपोआप... काल तुमचं नेट गेलं तेव्हा पासवर्ड फक्त वहिनींनाच दिला होता, म्हणून म्हटलं... काही गैरसमज..."

मी हिच्याकडे बघितलं. ही छताकडे.

आलं ना लक्षात? नेट गेल्यावर हिनं मास्तरांचं वायफाय जोडलं, आमचं परत आलं तरी हिचा कॉम्प्युटर आपला वरच्या मजल्यावरच नांदतोय, तिथल्याच प्रिंटरवर छापतोय! मी खालच्या घरात शोधून शोधून मरतोय, आणि कालपर्यंत दिसत होतं म्हणून टाहो फोडतोय! "मग सांगितलं का नाहीस?" "तुम्ही विचारलंत कुठे?"

वायफाय पुन्हा आमचं जोडलं, एक टिचकी... फोल्डर हजर! मी खुर्चीतून उडालो, जावई फोनवर ओरडला, मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. इतका वेळ हसलो आम्ही, की हिला उचकी लागली. मग मास्तर तिथेच बसले, मी कापाकापी करताना अख्खं प्रकरण कान देऊन ऐकलं, आणि शेवटी ताडकन उठून म्हणाले, "माळी? त्या गरीब माळ्यानं?" काय तो आवाज! विहिरीतून आल्यासारखा! ही म्हणाली, "मास्तर, पुन्हा एकदा म्हणा बरं."

गेलं, वेळेत गेलं प्रकरण. आजोबांचा फोनही आला, "मला पहिल्यापासून संशय होता!"

आता मास्तर रोज खाली येतात. आतल्या खोलीत, दार लावून, दोघं मिळून पुस्तकं वाचतात, ही बायकांची वाक्यं, ते पुरुषांची. मास्तर दर वाक्याआधी घसा खाकरतात, दर विनोदाला स्वतःच हसतात, आणि ते सगळं कापायला धडाधड माझ्या फोल्डरमध्ये येऊन पडतं. नेटवर्क कसं? झकास! महिनोन्महिने एकदासुद्धा जात नाही...

कधी कधी मी राउटरकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "बाबा रे, तूसुद्धा माणूस आहेस... घे ना एखादी रजा!"