बिनवासाची रोपं

लेक : ते मला काही सांगू नकोस. बॅग काढलीये कपाटावरून. कपडे कुठले घ्यायचे तेवढं सांग.

आई : काढलीस तशी परत वर ठेव. वाटेत राहिली तर अडखळेन मी, आणि तुला आयतं निमित्त मिळेल.

लेक : मी भांडायला आलेली नाही, आई.

आई : भर दुपारी ऑफिस टाकून आलीस म्हणजे कोणीतरी कान भरलेत. कोणी, ते कळायला मला डोळे लागत नाहीत. ओ भाऊ, कुंपणाआड उभे आहात ते ऐकू येतंय. चप्पल फरफटत चालता तुम्ही. या इकडे.

ड्रायव्हर : नाही, वहिनी, मी आपला झाडांना पाणी घालत होतो.

आई : पाणी घालत होतात की काड्या?

लेक : काकांना बोलू नकोस. त्यांनी फोन केला म्हणून कळलं तरी. ढोबळी मिरचीचा अख्खा वाफा तू स्वतःच्या हाताने उपटलास. फुलावर आलेली रोपं. आणि मला काय सांगितलंस? मिरच्या झकास आहेत.

आई : उपटायच्या आधी झकासच होत्या.

लेक : आई.

आई : बरं, उपटला. तण काढत होते, तण समजून उपटला. झाली चूक. लोक स्वतःच्या हाताने अख्खे संसार मोडतात, त्यांना कोणी बॅगेत भरून नेत नाही.

लेक : तुला दिसत नाही, आई. आज मिरचीचं झालं, उद्या गॅसचं होईल, गोळ्यांचं होईल.

आई : गोळ्यांचं कसं होईल? सकाळची लांबट, रात्रीची गोल. गॅसला वास आहे. ज्याला वास आहे, आवाज आहे, ते मला बरोबर कळतं. टोमॅटोचं एक तरी रोप उपटलं का मी? सांगा हो भाऊ तिला.

ड्रायव्हर : टोमॅटो सगळे जागच्या जागी आहेत. बगलेतले फुटवेसुद्धा वेळेवर खुडलेत. आमच्याकडे तर नुसतं रान माजलंय.

आई : टोमॅटोला नुसता हात लागला तरी बोटांना वास राहतो. मिरचीचं पान मुकं. वास नाही, लव नाही, गुळगुळीत. तणाचंही तसंच. फसले मी.

लेक : मग तेच तर म्हणतेय ना मी. माझ्याकडे चल. लिफ्ट आहे, उजेड आहे. बाल्कनीत दोन कुंड्या ठेवू तुझ्यासाठी.

आई : आणि मी कुठे बसू, तिसऱ्या कुंडीत? तू गुणाची आहेस, मला वेळेवर पाणी घालशील. पण मी येणार नाही.

लेक : आणि माझं काय? फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते मी. इथे तुझा हट्ट चालतो आणि तिकडे मी रोज मरते.

आई : कळतं गं मला. भीती मलाही वाटते. संध्याकाळी पायरी शोधताना तर वाटतेच. त्या दिवशी पाणी घालायला गेले आणि हाताला नुसती माती लागली. तिथेच बसले, रडले. पण मग उठले. तुझ्याकडे आले असते तर तशीच बसून राहिले असते.

ड्रायव्हर : वहिनी, एक सांगायचं राहिलं. रागवायचं नाही.

आई : आधी सांगा, मग ठरवते.

ड्रायव्हर : ती रोपं मेली नाहीत. तुम्ही ढिगावर टाकलीत, ती मी लगेच उचलली. मुळांना माती होती. आमच्या हौदामागे लावलीत. माना टाकल्या होत्या, आता सावरलीत.

लेक : हे फोनवर नाही सांगितलंत, काका.

ड्रायव्हर : परत दिली आणि यांनी परत उपटली तर? म्हटलं, वहिनी तर जातीलच आता तुझ्याकडे. रोपं तरी जगू देत.

आई : वा. जन्मभर बस चालवलीत आणि आता उतारूला खाली उतरवून सामान घेऊन निघालात?

ड्रायव्हर : चुकलंच माझं.

आई : चुकलं ना? मग तुम्हाला सांगितली का कोणी बॅग भरायला? जा, घेऊन या रोपं. मुळाशी माती राहू द्या.

लेक : आणा म्हणतेस, पण पुढच्या वेळी तण काढताना पुन्हा हेच होणार.

आई : नाही होणार. दारामागे काठ्या तासून ठेवल्यात बघ. आणि माझ्या शिवणाचा पत्र्याचा डबा काढ, बटणांचा. प्रत्येक मिरचीजवळ एक काठी, काठीला खाली एक बटण. हाताला बटण लागलं की थांबायचं. शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बटणं लावायचे मी, खाली बघत पण नव्हते.

लेक : आणि पडलं बटण तर?

आई : मी लावलेलं बटण पडलं म्हणून आजवर कोणी परत आलेलं नाही.

लेक : मग असं करू. यातलं एक जरी रोप उपटलंस, तर मुकाट्याने माझ्याकडे यायचं.

आई : मुळीच नाही. या वयात मी परीक्षेला बसायची नाही. चुकेन मी. उपटेन, परत लावीन. चुकायचं तेही मी माझ्याच वाफ्यात चुकणार.

(ड्रायव्हर पाटीत रोपं घेऊन येतो. ती वाफ्यात लावली जातात. लेक डबा उघडते.)

लेक : कुठलं देऊ? पांढरं, निळं?

आई : रंग घेऊन काय करू? जाड बघून दे. कोटाचं.

लेक : आण ती काठी, मी बांधते. तुझ्या बोटात काटा जाईल.

आई : बांध. गाठ दुहेरी मार, तुझी गाठ लहानपणापासून सुटते. झालं? आता डोळे मीट आणि शोध.

लेक : काहीतरीच काय.

आई : मीट तर खरं. भाऊ, ही चोरून बघतेय का बघा.

ड्रायव्हर : मिटलेत, वहिनी. घट्ट मिटलेत.

लेक : काही कळत नाहीये गं. सगळी पानंच लागतायत.

आई : घाई करतेस. खालून ये, मातीपासून वर.

लेक : थांब. हे... हो. लागलं.

आई : मग आता हात काढ. ते झाड आहे.

लेक : तो डबा सरकव इकडे, उरलेल्या काठ्याही बांधून टाकू. आणि जाताना मी ती बॅग वर ठेवून जाते.